ड्रॅगनच्या वंशाचा हिशेब

गुहेत ड्रॅगन आहे. नायक आत जातो, लढाई होते, ड्रॅगन मरतो, सोनं बाहेर येतं. आठवड्याभराने दुसरा नायक त्याच गुहेत शिरतो, तर ड्रॅगन पुन्हा तिथेच, त्याच सोन्याच्या राशीवर, त्याच कुशीवर झोपलेला. बहुतेक खेळांमध्ये दंतकथेतले प्राणी असे घड्याळाच्या जोरावर टिकतात. मेला की ठरावीक वेळाने पुन्हा उभा करायचा. खेळाडू याला रिस्पॉन म्हणतात. सोय म्हणून यात काही गैर नाही. पण ज्या खेळाला आपण जग म्हणतो, ज्याला इतिहास आहे, राजघराणी आहेत, पडून गेलेली नगरं आहेत, तिथे एक प्रश्न टाळता येत नाही: हा ड्रॅगन कुणाच्या पोटचा?

हा प्रश्न खेळांनी अगदीच टाळलेला नाही. नेटहॅक हा १९८७पासून चालत आलेला खेळ एखाद्या जातीचे १२० प्राणी निर्माण झाले की ती जात नामशेष धरतो. मग त्या जातीचा नवा प्राणी आपोआप येत नाही. निदान जन्मांची मोजदाद तरी तिथे आहे. माइनक्राफ्टमधला एंडर ड्रॅगन मेल्यावर द्वाराच्या चार कडांवर चार एंड क्रिस्टल ठेवले की परत येतो. पण पहिल्यांदा मारला तर अनुभवाचे १२,००० गुण मिळतात, नंतरच्या प्रत्येक वेळी ५००. अंडंही पहिल्याच वेळी मिळतं आणि त्यातून कधीच काही बाहेर पडत नाही. पुन्हा उभा केलेला ड्रॅगन मूळ ड्रॅगनच्या तोडीचा नाही, हे त्या आकड्यांतच लिहिलेलं आहे.

जन्म, भूक आणि मरण या तिन्हींचा खरा हिशेब ठेवायचा धाडसी प्रयत्न १९९७ साली आलेल्या अल्टिमा ऑनलाइनच्या निर्मितीत झाला. हजारो लोक एकाच वेळी खेळत अशा त्या खेळाचे निर्माते रिचर्ड गॅरियट आणि राफ कोस्टर या दोघांनीही त्याबद्दल पुढे जाहीरपणे सांगितलं आहे. कल्पना सुंदर होती. गवत उगवेल, ते मेंढ्या-ससे खातील, त्यांना लांडगे खातील, आणि वर ड्रॅगन. शिकार कमी झाली की भुकेला ड्रॅगन गावाकडे सरकेल आणि त्याला आवरण्याची कामगिरी खेळाडूंच्या वाट्याला आपसूक येईल; कुणी ती लिहून ठेवायची गरज नाही. प्रत्यक्षात हजारो खेळाडू आत आले आणि दिसेल तो प्राणी मारत सुटले. ससा जन्मायच्या आत मरायला लागला. त्यात सगळी साधनसंपत्ती बंदिस्त चक्रात फिरत होती. लोकरीचा सदरा झिजून संपला तरच त्यातला माल निसर्गाच्या खात्यात परत जमा होणार आणि नवी मेंढी जन्मणार. लोकांनी सदरे पेट्यांमध्ये भरून ठेवले. चक्र तुंबलं, आणि ती व्यवस्था शेवटी काढून टाकावी लागली.

या अपयशाचा नेहमी काढला जाणारा अर्थ असा की खेळात परिसंस्था चालत नाही. तो मला पटत नाही. तिथे चुकला तो वेग. माणसाच्या शिकारीचा वेग आणि प्राण्याच्या जन्माचा वेग यांचं गुणोत्तर कुणी आधी मांडून पाहिलं नव्हतं. आणि दंतकथेतल्या प्राण्याच्या बाबतीत हे गुणोत्तरच सगळं ठरवतं, कारण त्याची दुर्मिळता हाच त्याचा महिमा असतो आणि तीच त्याच्या मुळावर येते.

आधी जन्ममरणाची साधी मांडणी करू. समजा आपल्या जगात ४० प्रौढ ड्रॅगन आहेत, निम्मे नर, निम्म्या माद्या. मादी ५० वर्षांतून एकदा दोन अंडी घालते. म्हातारपणाचं मरण नाही. दहा अंड्यांतलं एक पिल्लू प्रौढ होतं. २० माद्यांची दर ५० वर्षांना ४० अंडी, म्हणजे वर्षाला ०.८. त्यातून प्रौढ होणारे ०.०८. सोप्या भाषेत, साडेबारा वर्षांत एक नवा प्रौढ ड्रॅगन. तेव्हा संख्या ४०वर टिकवायची असेल, तर अख्ख्या जगातल्या सगळ्या वीरांनी मिळून साडेबारा वर्षांत एकच ड्रॅगन मारायचा. एकट्या ड्रॅगनच्या बाजूने पाहिलं तर कोणत्याही वर्षी मारलं जाण्याचा धोका ०.२ टक्के, आणि प्रौढपणाचं सरासरी आयुष्य ५०० वर्षं. अमरत्व ही इथे शोभेची गोष्ट नाही. इतक्या मंद जन्मदराची उणीव भरून काढणारं दुसरं काहीच त्याच्याकडे नाही. ज्या जगात ड्रॅगन ८० वर्षांत म्हातारा होऊन मरतो, त्या जगात त्याला सशासारखी पिल्लं व्हावी लागतील, आणि मग त्याच्यावर पोवाडे कोण रचणार?

आता शिकार थोडी वाढवू. साडेबाराऐवजी पाच वर्षांत एक बळी. जन्म वर्षाला ०.०८, मृत्यू ०.२. फरक किरकोळ वाटतो, पण संख्या घटली की जन्मही घटतात आणि वीरांची मागणी मात्र तेवढीच राहते. हे गणित पुढे चालवलं तर ४० ड्रॅगन सुमारे २५५ वर्षांत शून्यावर येतात. सुरुवातीला ४०ऐवजी १०० असते तर जन्म आणि बळी बरोबर जुळले असते, पण सुईच्या टोकावर जुळले असते. ९५ असले की घसरण, १०५ असले की बेसुमार वाढ. ठरावीक बळी आणि संख्येच्या प्रमाणात जन्म, ही जोडी कधीच स्थिर राहत नाही. अनेक जणांची जगं इथेच फसतात. शंभर वर्षं सगळं ठीक दिसतं, आणि तीनशेव्या वर्षी एक तर आकाश ड्रॅगनने भरून जातं किंवा एकही उरत नाही.

यावर पहिला उपाय: बळींची संख्या ठरवून देऊ नये, शोधण्याला वेळ लागू द्यावा. ड्रॅगन कमी झाले की तो सापडायला जास्त मोहिमा लागतील आणि मृत्युदर आपोआप उतरेल. खऱ्या निसर्गात भक्षकाचं असंच होतं. दुर्मिळ झालेली शिकार सोडून तो दुसरीकडे वळतो. पण वीर असा वळत नाही. परिसंस्थेचे अभ्यासक फ्रांक कूरशां आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली मांडलेला विचार इथे तंतोतंत बसतो. जी जात दुर्मिळ झाल्यामुळेच माणसाला मोलाची वाटू लागते, तिच्यासाठी माणूस वाढता खर्च सोसत राहतो आणि शेवटच्या प्राण्यापर्यंत पाठलाग करतो. शंभरातला एक ड्रॅगन मारला तर गावात मेजवानी होते, शेवटचा मारला तर राज्य मिळतं. म्हणून वीरांची कीर्ती मोजणारं सूत्र लिहिताना ‘उरलेल्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात मान’ असं काही घातलं असेल, तर ते काढून टाकावं किंवा त्याला वरची मर्यादा घालावी. जग बनवणाऱ्याने आपल्याच हाताने लिहिलेला हा नामशेषाचा नियम असतो, आणि तो लिहिताना फार स्वाभाविक वाटतो.

हे सगळं इतिहासाच्या पातळीवर दाखवणारा खेळ म्हणजे ड्वार्फ फोर्ट्रेस. टार्न आणि झॅक ॲडम्स या भावांनी तो २००६च्या ऑगस्टमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आणला. चित्ररूपातली विक्रीची आवृत्ती २०२२च्या डिसेंबरात आली. त्यात खेळाडू ड्वार्फांचा, म्हणजे बुटक्या लोकांचा, किल्ला चालवतो. त्याआधी खेळ शेकडो वर्षांचा इतिहास वर्षावर्षाने घडवतो. त्यात ड्रॅगन, हायड्रा, रॉक पक्षी आणि ब्राँझचा महापुतळा हे मेगाबीस्ट, म्हणजे अजस्र प्राणी. त्यांच्या खालोखाल दोन डोक्यांचे एटिन, जायंट, सायक्लॉप्स, मिनोटॉर. शिवाय दर जगात नव्याने बेतलेले टायटन आणि भूगर्भातल्या गुहांमधले फरगॉटन बीस्ट. मोठ्या बेटाच्या नमुना-मांडणीत ७५ मेगाबीस्ट, १५० दुय्यम आणि ३३ टायटन अशी कमाल संख्या लिहिलेली असायची. त्याच मांडणीत आणखी दोन आकडे शेजारी शेजारी असत: २०० आणि ८०. दोनशेव्या वर्षानंतर तपासत राहा, आणि मेगाबीस्टांपैकी ८० टक्के मेले असले तर इतिहास थांबवा. म्हणजे अजस्र प्राण्यांचं मरण हेच त्या जगाचं घड्याळ. युगांची नावंही त्यावरच ठरतात. सुरुवात पुराणयुगाने होते, बलाढ्य प्राणी घटत गेले की दंतकथांचं युग, मग वीरांचं युग. एकच उरला तर युगाला त्याच्या जातीचं नाव मिळतं. या मांडणीबद्दल मला मनापासून आदर आहे. इतिहासाची पानं कुणी राजा झाला म्हणून उलटत नाहीत, एक हायड्रा मेली म्हणून उलटतात.

या यादीतले सगळे एका पद्धतीने टिकत नाहीत. ब्राँझचा पुतळा धातूचा आहे. त्याला नर-मादी नाही, त्यामुळे गेला तो गेला. टायटन आणि फरगॉटन बीस्ट तर एकमेवच असतात, सहा पायांचा शिशाचा कोळी किंवा विषारी धूळ सोडणारा पंखवाला किडा, ज्याची दुसरी प्रत त्या जगात नाही. हे साठ्यातून खर्च होणारे प्राणी. त्यांच्यासाठी करण्यासारखी एकच गोष्ट, साठा मोठा ठेवणं आणि त्यांना अवघड जागी बसवणं. ड्रॅगनचं तसं नाही. त्याच्या व्याख्येत नर आहे, मादी आहे, मादीला अंडी आहेत.

शिवाय त्याच्या वाढीचे आकडे आहेत. अंड्यातून बाहेर येताना ६,००० घन सेंटिमीटर, एक हजाराव्या वर्षी २,५०,००,००० घन सेंटिमीटर. मधली वाढ सरळ रेषेत धरली तर वर्षाला साधारण २५,०००. प्रौढ ड्वार्फ ६०,००० घन सेंटिमीटरचा असतो, म्हणजे सव्वादोन वर्षांत पिल्लू त्याच्या बरोबरीला येतं. वीस वर्षांत ते पाच लाखांवर पोचतं, प्रौढ हत्तीच्या दहाव्या हिश्शाएवढं. शंभराव्या वर्षी अर्धा हत्ती. एका किल्ल्याच्या आयुष्यात कुणीही पूर्ण वाढलेला ड्रॅगन वाढवू शकत नाही, तो पणतवंडांच्या पणतवंडांना मिळायचा. हजार वर्षांचा तो आकडा कुणीतरी विचार करून लिहिला आहे, आणि एका आकड्यातून किती काळ उभा राहतो ते बघा.

किल्ल्यात ड्रॅगनची पैदास करायची तर रीत अशी. किल्ल्याकडे येणारा रस्ता अरुंद करून तिथे पिंजऱ्याचे सापळे लागोपाठ मांडायचे; प्रत्येकाला एक यंत्रणा आणि एक पिंजरा लागतो. ड्रॅगन त्यात सापडतो. टायटन आणि फरगॉटन बीस्ट सापळे चुकवतात, त्यांच्यासाठी हा मार्ग नाही. पकडलेल्याला प्राणी-प्रशिक्षकाच्या हवाली करायचं. प्रशिक्षण कायमचं टिकत नाही, उजळणी थांबली की प्राणी पुन्हा रानटी होऊ लागतो, आणि रानटी झालेला ड्रॅगन लाकडी सामानाच्या कोठाराशेजारी असणं म्हणजे किल्ल्याचा शेवट. म्हणून त्याची जागा दगडात कोरलेली हवी. गवत, लाकूड, कापड जवळपास नको. मादीला घरटं लागतं, त्यामुळे पिंजऱ्यात अंडी मिळत नाहीत. अंडी घातली की ती लगेच वापरासाठी बंद करायची, नाहीतर कुणीतरी ती खाण्याची म्हणून कोठारात नेऊन ठेवतो. ही चूक फार जणांकडून होते आणि ती दुरुस्त होत नाही. नर जिवंत आणि जवळपास हवा. किल्ल्यातच जन्मलेल्या पिल्लाला लहानपणी शिकवलं तर ते कायमचं माणसाळतं. पकडून आणलेल्या आईच्या बाबतीत ती शाश्वती नसते. खरी अडचण असते ती जोडी मिळण्याची. एक ड्रॅगन दारात येणं हेच मोठं. दुसरा येईल, तोही विरुद्ध लिंगाचा, याची वाट पाहता पाहता किल्ले पडतात.

निसर्गातही विरळ जाती याच अडचणीत सापडतात. वॉर्डर क्लाइड अ‍ॅली या शास्त्रज्ञाच्या नावाने तो परिणाम ओळखला जातो. संख्या निम्मी झाली की नर-मादी एकमेकांना भेटण्याच्या शक्यता जवळजवळ चौथाईवर येतात. सिम्युलेशनमध्ये ड्रॅगन नकाशावर वाट फुटेल तसे फिरत असतील, तर दहाच्या खाली संख्या गेल्यावर भेटीच होत नाहीत. जिवंत आहेत, अमर आहेत, आणि वंश मात्र तिथेच संपलेला. याला उत्तरं आहेत आणि ती निसर्गाकडूनच घ्यावीत. एक, ठरलेली जागा आणि ठरलेला काळ: शतकातून एकदा सगळे एकाच शिखरावर. त्यामुळे भेटीचा प्रश्न अंतराचा उरत नाही, फक्त ते शिखर सुरक्षित ठेवावं लागतं. दोन, साठवलेलं बीज: कित्येक साप आणि कासवांच्या माद्या एका भेटीतलं बीज बराच काळ राखून पुढे अंडी घालतात. तीन, नराविना जन्म. २००६ साली इंग्लंडमधल्या चेस्टर प्राणिसंग्रहालयातल्या फ्लोरा नावाच्या कोमोडो ड्रॅगन मादीने नराशिवाय फळलेली अंडी दिली. या जातीत लिंग ठरवणारी गुणसूत्रं मादीत झेड-डब्ल्यू आणि नरात झेड-झेड असतात, त्यामुळे अशा अंड्यांतून नरच निघतात. एकटी मादी बेटावर पोचली, तिने मुलगे जन्माला घातले, पुढची पिढी त्यांच्यापासून. जवळच्या नात्यातून वंशात दोष साचतात हे खरं, पण शून्यापेक्षा ते बरं. काल्पनिक ड्रॅगनसाठी याहून योग्य जीवशास्त्र शोधूनही सापडणार नाही. शेवटची मादी मारली असं समजून वीर परततो आणि तिने मागे ठेवलेली अंडी अजून उबायची असतात, यात कसलीही जादू लागत नाही.

तुआताराकडूनही शिकण्यासारखं आहे. न्यूझीलंडच्या या सरपटणाऱ्या प्राण्याची मादी साधारण चार वर्षांनी एकदा अंडी घालते, ती उबायला वर्ष-सव्वा वर्ष लागतं, आणि पिल्लाचं लिंग मातीच्या उबेवर ठरतं. जास्त ऊब, जास्त नर. ज्वालामुखीच्या कडेला घरटी करणाऱ्या ड्रॅगनला हा नियम लावला तर मोठी गंमत आहे आणि मोठा धोकाही. जगाच्या हवामानात दोन अंशांचा फरक पडला की पिढीच्या पिढी एकाच लिंगाची. नियम लावायचा असेल तर घरट्याची जागा बदलण्याची मुभा मादीला द्यावीच.

आता पोटाचं बघू. २,५०,००,००० घन सेंटिमीटर म्हणजे २५ घनमीटर. पाण्याच्या घनतेने धरलं तर २५ टन. क्लायबरच्या नियमाने उष्णरक्ती प्राण्याची विश्रांतीतली गरज दिवसाला ७० गुणिले वजनाचा पाऊण घात इतके किलोकॅलरी. २५,००० किलोंना ती सुमारे १,४०,००० येते. हालचाल धरून दुप्पट. मांसाच्या एका किलोत १,५०० किलोकॅलरी धरल्या तर रोज साधारण १८५ किलो मांस. १०० किलोंच्या हरणातून ६० किलो मांस मिळालं तर रोज तीन हरणं, वर्षाला अकराशे. कळप वर्षाला २० टक्के बळी सोसू शकत असेल तर एका ड्रॅगनमागे साडेपाच हजार हरणं लागतील. हा सगळ्यात उदार अंदाज झाला, कारण त्यात लांडगे नाहीत, रोगराई नाही, माणूस नाही. कार्बोन आणि गिटलमन या शास्त्रज्ञांनी २००२ साली प्रत्यक्ष नोंदींवरून काढलेला ठोकताळा जास्त कडक आहे: १०,००० किलो शिकारीमागे साधारण ९० किलो भक्षक. त्या हिशेबाने आपल्या ड्रॅगनला २८ लाख किलो शिकार, म्हणजे जवळजवळ २८,००० हरणं. चौरस किलोमीटरला दहा हरणं असतील तर २,८०० चौरस किलोमीटरचा मुलूख एकट्याला. चाळीस ड्रॅगन म्हणजे १,१२,००० चौरस किलोमीटर.

इतकं मोठं जग फार थोड्यांकडे असतं. म्हणून ड्रॅगनला शीतरक्ती करावं. सरपटणाऱ्या प्राण्यांची विश्रांतीतली गरज तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतकी असते. रोजचं मांस १८ किलोंवर येतं, तीन-साडेतीन दिवसांना एक हरण. त्यात दीर्घ झोप घातली, दहातली नऊ वर्षं गुहेत, तर मुलूख आणखी आटोक्यात येतो. सोन्यावर झोपलेल्या ड्रॅगनची जुनी प्रतिमा ऊर्जेच्या हिशेबात अशी चपखल बसते. मात्र झोपेतून उठलेल्या वर्षी तो प्रचंड खातो, आणि सगळे एकाच वर्षी उठले तर शिकार कोसळते. प्रत्येकाचं जागं होण्याचं वर्ष जन्मवर्षावरून ठरवावं, म्हणजे ती वर्षं आपोआप विखुरतात.

पिल्लांचा प्रश्न वेगळाच. भक्षकाला ‘जवळची दुबळी शिकार निवड’ एवढंच शिकवलं असेल तर त्याला सगळ्यात जवळ आणि सगळ्यात दुबळं सापडतं ते स्वतःचं पिल्लू. हे इतक्या जगांमध्ये घडतं की नव्या जगात पिल्लं टिकत नसतील तर पहिली तपासणी हीच करावी. नात्याची खूण ठेवून आई-बापांना रोखता येतं, पण शेजारच्या गुहेतल्या परक्या ड्रॅगनला ती रोखत नाही. कोमोडोची पिल्लं सुरुवातीची काही वर्षं झाडांवर काढतात, कारण जड झालेले प्रौढ वर चढू शकत नाहीत. तसंच करावं. पिल्लाला वेगळी जागा, वेगळं खाणं. कड्याच्या फटींत राहील, पक्षी-घुशी खाईल, आणि एका वजनानंतर खाली उतरेल. खाली उतरल्यावर रिकामी गुहा हवी. माझ्या मते गुहांची संख्या हाच ड्रॅगनच्या संख्येवरचा सगळ्यात चांगला लगाम आहे. शंभराची अदृश्य मर्यादा प्रोग्रॅममध्ये लिहिण्यापेक्षा नकाशावर साठ गुहा कोराव्यात. एक म्हातारा मेला की त्याच्या गुहेवर तीन तरुण भांडतात, हरलेला एक गावाकडे वळतो. वीराने केलेल्या एका हत्येचे परिणाम पुढची पन्नास वर्षं नकाशावर दिसत राहतात.

प्रोग्रॅममधल्या काही बारीक चुका मोठ्या जाती बुडवतात. सगळ्यात घातक म्हणजे पूर्णांकात केलेली बेरीज. वर्षाला ०.०८ जन्म हा आकडा पूर्णांकात बसवला की शून्य होतो, दर वर्षी शून्य, कायम शून्य. तिथे फासा टाकायचा: दर वर्षी शंभरात आठ वेळा एक जन्म. दुसरी, वय साठवण्याची पद्धत. वय दर वर्षी एकने वाढवत बसलं आणि ते एका बाइटमध्ये ठेवलं तर २५५नंतर ते पुन्हा शून्य होतं आणि अडीचशे वर्षांचा ड्रॅगन एका रात्रीत पिल्लू होतो. जन्मवर्ष साठवावं, वय वजाबाकीने काढावं. तिसरी, खेळाडूच्या नजरेसमोरचं आणि नजरेआडचं जग. समोर क्षणाक्षणाचं गणित चालतं, आड वर्षाचं. दोन्हींचे जन्मदर जुळत नसतील तर खेळाडू जिथे राहतो तिथले ड्रॅगन संपतात आणि दूरच्या डोंगरात ते माजतात, किंवा उलट. चौथी, साफसफाई: नकाशाचा एखादा भाग संगणकाच्या स्मृतीतून उतरवताना बिननावाच्या वस्तू पुसल्या जातात आणि त्यांत अंडी जातात. अंड्याला घातल्या क्षणी ओळख क्रमांक आणि आईचा क्रमांक द्यावा.

आणि ज्यांना अंडी-पिल्लं लागतच नाहीत त्यांचं काय? ड्वार्फ फोर्ट्रेसमधला नाइट ट्रोल माणसं पळवतो, त्यांना आपल्यासारखं करून जोडीदार बनवतो आणि मग त्यांना पोरं होतात. वेअरबीस्ट, म्हणजे पौर्णिमेला पशू होणारा माणूस, चाव्यातून पसरतो. त्याच्याशी लढून वाचलेला जखमी इस्पितळात झोपतो आणि पुढच्या पौर्णिमेला तिथेच उठतो, शेजारच्या खाटांवर सगळे असहाय. अशा प्राण्यांना लोकसंख्येचं गणित लागू पडत नाही, साथीच्या रोगाचं पडतं: एकाकडून मरण्यापूर्वी सरासरी किती जण बाधित होतात? एकाहून जास्त असतील तर गाव जातं, कमी असतील तर साथ विझते. चावलेल्याला पौर्णिमेआधी वेगळ्या खोलीत बंद करणं हा एकच उपाय तो आकडा एकाच्या खाली आणतो. नेक्रोमॅन्सरचा, म्हणजे मेलेल्यांना उठवणाऱ्या मांत्रिकाचा, वंश तर मजकुरातून चालतो. शिलेवर कोरलेलं रहस्य, त्यावरून लिहिलेलं पुस्तक, ते वाचणारा शिष्य. शिष्य मारून भागत नाही, पुस्तकाच्या प्रती मोजाव्या लागतात.

रक्तबीजाची कथा मांडणाऱ्याला हे नेमकं कळलं होतं. थेंब जमिनीला टेकला की नवा रक्तबीज, म्हणजे वार जितके जास्त तितकी वाढ जास्त. आणि उपाय वार वाढवण्यात नाही, थेंब टेकण्याआधी पिऊन टाकण्यात आहे. असा प्राणी खेळात घालायचा असेल तर जन्माला लागणारी ‘जमीन’ काय ते आधी ठरवावं आणि ती खेळाडूच्या आटोक्यात ठेवावी, नाहीतर प्राणी दुपटीने वाढत दहा पायऱ्यांत १,०२४ होतात आणि यंत्रच बंद पडतं.

जग चालवून बघताना एकदा चालवून काहीच कळत नाही. चाळीसच्या संख्येत नशिबाचा हात फार मोठा असतो. तेच नियम एका खेपेस साठ ड्रॅगन देतात, दुसऱ्या खेपेस शून्य. बीज-क्रमांक (फासे कसे पडतील ते ठरवणारा आकडा) बदलून शंभर वेळा, हजार-हजार वर्षं चालवावं. सरासरी बघू नये, किती खेपांत वंश बुडाला ते बघावं. शंभरातल्या पाच-सात जगांत ड्रॅगन संपत असतील तर ते मला योग्य वाटतं, कारण संपण्याची शक्यताच नसेल तर कुणी घरट्याची राखण का करेल? चाळीस जगांत संपत असतील तर आधी पिल्लांचा मृत्युदर तपासावा, मग भेटींची संख्या, मग वीरांची. वीरांपासून सुरुवात करण्याचा मोह होतो, पण दोष बहुधा घरट्यात सापडतो. आणि प्रत्येक खेपेच्या नोंदीत जन्मलेल्या दर ड्रॅगनपुढे आई, बाप, गुहा आणि मरणाचं कारण हे चार रकाने असावेत. ‘कारण’ रकाना ओळीने भरलेला बघताना चूक कुठे आहे ते लगेच उमगतं: सलग तीस ओळींत ‘भूक’ दिसली तर हरणं वाढवा, ‘आई’ दिसली तर पिल्लांना कड्यावर चढवा.